देवघराचा नकाशा : ईशान्य, आय आणि एक कॉलम

सिव्हिलला ॲडमिशन मिळाली की गावात आपल्याला आपोआप बढती मिळते. सर्व्हेइंगचं सबमिशन अजून अर्धवट असतं, पण नातेवाईक मात्र "जरा हा नकाशा बघ रे" म्हणून कागद पुढे करतात. माझं गाव शेलार, भिवंडीला अगदी लागून. थोरल्या काकांनी तिथलं जुनं कौलारू घर उतरवून आर.सी.सी.चं घर बांधायला काढलं, तेव्हा जिना, मोरी, संडास यांवर कुणी फार बोललं नाही. वाद झाला तो देवघरावर. एका वास्तुवाल्यांनी सांगितलं, "ईशान्येला कॉलम आला आहे, तो काढा नाहीतर नऊ इंच आत सरकवा." तोपर्यंत दोन्ही स्लॅब भरून झाले होते!

काका घाबरले. गवंडी छिन्नी घेऊन तयार. त्या निमित्ताने मी दिवाळीच्या सुट्टीत जुनं वास्तुशास्त्र आणि आपलं स्ट्रक्चर्सचं पुस्तक दोन्ही शेजारी ठेवून वाचली. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

ईशान्य म्हणजे कोपऱ्याचं टोक नव्हे

वराहमिहिराची 'बृहत्संहिता' सहाव्या शतकातली. तिच्यात वास्तुविद्येवर एक अध्याय आहे. त्यात घराची वाटणी सरळ दिलेली आहे : ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर, नैर्ऋत्येला भांडीकुंडी व सामान, वायव्येला धान्य आणि धन. ही वाटणी करण्यासाठी जुने लोक जागेवर ८१ चौकटी (९ × ९) किंवा ६४ चौकटी (८ × ८) आखत. हाच तो वास्तुपुरुषमंडल. थोडक्यात, आपण कॉलमची ग्रिड टाकतो तशी त्यांची ग्रिड. ८१च्या आखणीत मधल्या नऊ चौकटी ब्रह्माच्या. आपल्या वाड्यांतला मोकळा चौक घराच्या पोटात येतो, तो साधारण याच जागी.

आता काकांचं घर बाहेरून २७ × ३६ फूट. नऊने भागलं तर एक चौकट ३ × ४ फुटांची. ईशान्येचा भाग म्हणून कोपऱ्यातल्या ३ × ३ चौकटी धरल्या, तर ९ × १२ फूट जागा मिळते. आणि कॉलम केवढा? ९ × १२ इंच, तोही भिंतीच्या कोपऱ्यात. म्हणजे १०८ चौरस फुटांतला पाऊण चौरस फूट! चौसोपी वाड्याच्या सोप्यालाही कोपऱ्यात खांब असतोच. कोपऱ्यातल्या खांबाला शास्त्राची मनाई असती तर चौकोनी घर उभंच राहिलं नसतं.

दुसरी बाजू आपली. या कॉलमवर माझ्या हिशोबाने दोन्ही मजले मिळून १२ ते १४ टन भार येतो. मधल्या कॉलमपेक्षा हा कमी असला तरी कोपऱ्याच्या कॉलमला दोन्ही दिशांच्या बीम एकेका बाजूनेच येऊन मिळतात, त्यामुळे तो दोन्हीकडून वाकायला बघतो. बायॲक्सिअल बेंडिंग आपण वर्गात शिकतो ते हेच. भरलेला कॉलम सरकत नाही, तो तुटतो. हे काकांना सांगताना मी फॉर्म्युला काढला नाही. एवढंच म्हटलं, "देवघराच्या माळ्यावर तुम्ही झोपणार आहात ना?"

दिशा आधी शोधा

ईशान्य ठरवण्याआधी उत्तर ठरवायला हवी. मोबाईलमधला होकायंत्र कॉलमजवळ नेला की वीस-पंचवीस अंश फिरत होता, कारण आत सळया. खरं तर मुंबई-ठाणे भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, पण लोखंडाशेजारी होकायंत्राचं काही चालत नाही.

मग शुल्बसूत्रांतली रीत वापरली. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात ती दिलेली आहे. सपाट जागेवर काठी (शंकू) ओळंब्यात उभी करायची, तिच्याभोवती वर्तुळ काढायचं. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आत येताना जिथे शिवेल तिथे एक खूण, दुपारनंतर बाहेर जाताना शिवेल तिथे दुसरी. दोन्ही खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा तयार. मी एक फुटाची काठी घेतली आणि वर्तुळ दीड फूट त्रिज्येचं. आपल्याकडे डिसेंबरात ऐन दुपारची सावलीच जवळजवळ अकरा इंच असते, म्हणून थंडीत वर्तुळ थोडं मोठं घ्यावं.

घर उत्तरेपासून साधारण १२ अंश पूर्वेकडे फिरलेलं निघालं. आठ दिशा म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला ४५ अंश, मध्यापासून दोन्हीकडे साडेबावीस. तेव्हा ईशान्य कोपरा हा ईशान्य कोपराच राहिला.

पण ईशान्यच का?

ग्रंथ सांगतात की ती ईशानाची, म्हणजे शिवाची दिशा. श्रद्धेच्या दृष्टीने उत्तर तिथे पूर्ण होतं. मी मात्र आपल्या हवामानाकडेही पाहिलं. भिवंडीचा अक्षांश सुमारे १९.३ अंश. २१ जूनच्या सुमारास सूर्य इथे पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतो आणि डिसेंबरात तितकाच दक्षिणेला. ईशान्येच्या खोलीला पूर्वेची खिडकी दिली तर वर्षभर सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारनंतरचा ताप लागत नाही. शिवाय कोकणपट्टीत पावसाचा मारा येतो नैर्ऋत्येकडून, म्हणून समोरचा ईशान्य कोपरा त्यातल्या त्यात कोरडा. लाकडी देव्हारा, पोथ्या, कापूर, वाती यांना हेच हवं. जुन्या लोकांनी हाच विचार केला होता असा माझा दावा नाही. त्यांचा नियम आपल्या भागात उपयोगी पडतो, इतकंच म्हणतो.

पूजा करणाऱ्याचं तोंड पूर्वेला, म्हणून देव्हारा पूर्वेच्या भिंतीशी. मग देवांचं तोंड पश्चिमेला येतं. यावर आत्याने शंका काढली. तिला आपल्याच जिल्ह्यातल्या अंबरनाथच्या शिवमंदिराची आठवण दिली. शके ९८२चा (इ.स. १०६०) शिलाहारकालीन शिलालेख असलेलं हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. भक्त पूर्वेकडे तोंड करून आत जातो आणि पायऱ्या उतरून गाभाऱ्यात पोचतो. आत्या गप्प झाली, कारण श्रावणात ती तिथे जाऊन येते.

आयाचं गणित

गणितवाल्यांसाठी खास भाग. खोलीच्या लांबी-रुंदीचा गुणाकार करून आठाने भागायचं. बाकी उरेल तो 'आय'. १ ध्वज, २ धूम, ३ सिंह, ४ श्वान, ५ वृष, ६ खर, ७ गज आणि ० म्हणजे काक. विषम आय शुभ, सम आय अशुभ. म्हणजे हा सरळ मॉड्युलो आठचा खेळ. गुणाकार विषम यायचा तर दोन्ही बाजू विषमच हव्यात. आणखी गंमत म्हणजे कुठल्याही विषम संख्येच्या वर्गाला आठाने भागलं तर बाकी एकच उरते. ९, २५, ४९ करून बघा. म्हणून विषम मापाची चौरस खोली नेहमी ध्वज आयाची!

आमचं देवघर ५ × ७ फूट ठरलं. ३५ला आठाने भागून बाकी ३, सिंह आय. काका खूश. मग मी तीच खोली इंचांत मोजली : ६० × ८४ = ५०४०, बाकी शून्य, काक! सेंटीमीटरमध्ये १५२ × २१३ घ्या, पुन्हा काक. खोली तीच, माप बदललं की आय बदलला. ग्रंथांतलं माप हस्ताचं (२४ अंगुळं, अंदाजे दीड फूट) आणि अंगुळांचं आहे. त्यामुळे फूट-इंचांत आय काढून कुणी भिंत पाडायला सांगितली तर आधी "कुठल्या मापात?" एवढं विचारा.

आजीचे गुडघे

खरा प्रश्न मला नकाशात दिसलाच नव्हता, तो आजीने सांगितला. गुडघ्यांमुळे तिला खाली बसता येत नाही. भाड्याच्या खोलीत देव पाटावर होते आणि ती स्टुलावर. "देव पायाशी आणि मी उंचावर, मला नाही बरं वाटत," म्हणून तिने पूजा सुनेवर सोपवली होती. पन्नास वर्षं टाकांना रोज स्वतःच्या हाताने आंघोळ घालणारी बाई ती.

आम्ही फूटपट्टी घेऊन बसलो. स्टूल सव्वा फुटाचं. त्यावर बसली की आजीचे डोळे जमिनीपासून साडेतीन फुटांवर. देव्हाऱ्याचं आसन अडीच फुटांवर घेतलं. घरातल्या मूर्ती अंगठ्याच्या पेराहून लहान नसाव्यात आणि वितीपेक्षा मोठ्या नसाव्यात असं मत्स्यपुराणात आहे. आमचे एकवीरेचे नि खंडोबाचे टाक आणि बाळकृष्ण त्यात बसतात. सहा इंचांचे देव धरले तर ते आजीच्या छातीच्या उंचीला येतात, हातही पोचतो. खाली बसणाऱ्यांना मान किंचित वर करावी लागते, त्याला कुणाची हरकत नव्हती. आसनाखाली ओढून बाहेर काढायची एक फळी दिली, पूजेचं ताट ठेवायला. दाराला उंबरा अगदी बसका, आजीचा पाय अडखळू नये म्हणून.

लूम आणि दिवा

शेवटची गोष्ट खास भिवंडीची. मागच्या बाजूला लूमचा गाळा आहे. साध्या शटल लूमवर धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा मारला जातो, तो हादरा जमिनीतून येतो. गुळगुळीत दगडावरचं निरांजन हळूहळू कडेला सरकतं. दुसरं म्हणजे हवेतली रुई. ती मखरावर, झालरीवर, तेलकट समईवर बसते आणि ठिणगीची वाट बघते. म्हणून तीन गोष्टी केल्या. दिव्याखाली कडप्पा, त्याला अर्ध्या इंचाचा उठलेला काठ. दिव्याच्या डोक्यावर लाकूड किंवा कापडी झालर नाही. आणि पूर्वेच्या भिंतीत वरच्या बाजूला जाळीची झडप, धूर बाहेर जावा आणि रुई आत येऊ नये म्हणून. ती जाळी दर आठवड्याला ब्रशने झाडायची. कोनाडा हवाच होता, तो नऊ इंची भिंतीत बांधतानाच सोडला. साडेचार इंची भिंतीत कोनाडा खोदू नये आणि कॉलममध्ये तर कधीच नाही.

एवढं सगळं होऊन कॉलम जागच्या जागी आहे, आणि पूजा पुन्हा आजी करते.

तुमच्याही घरी कधीतरी हा विषय निघेलच. तेव्हा शास्त्राची टिंगल करू नका, कारण देवघर ज्यांच्यासाठी असतं त्यांचं मन दुखावतं. आणि ऐकीव शास्त्राला घाबरूही नका. हॉस्टेलच्या गच्चीवर एक काठी उभी करून दिशा काढायचा सराव करून ठेवा. सुट्टीत घरी गेलात की घरातलं जे माणूस रोज पूजा करतं त्याला आधी बसवून मापं घ्या. आणि गवंड्याने छिन्नी उचलायच्या आत, कॉलम कुठला आणि नुसती भिंत कुठली, ते खडूने लिहून ठेवा.