कोंबडा उजाडण्याआधीच का आरवतो?

प्रश्न : गोराई गावठाणात आमच्या परसात कोंबड्या आहेत. कोंबडा अंधारातच बांग देतो. रस्त्यावरच्या दिव्यामुळे का?

उत्तर : मूळ कारण दिवा नाही. जपानमधील शिम्मुरा आणि योशिमुरा यांनी 2013 मध्ये कोंबडे अखंड मंद उजेडात ठेवले. पहाट दिसत नसतानाही ते ठरावीक वेळीच आरवत राहिले. वेळ ठरवते ते शरीरातले घड्याळ. मग रिक्षाचा झोत पडला की अपरात्रीही का आरवतो, असे आपण म्हणाल. उजेडाने आणि दुसऱ्याच्या बांगेनेही आरवणे सुटते हे खरेच. पण त्याच अभ्यासात पहाटेच्या सुमारास हा प्रतिसाद अधिक जोरदार दिसला. म्हणून नुसता खुराडा झाकून बांग थांबणार नाही. 2015 च्या त्यांच्या प्रयोगात पहिली बांग कळपातल्या सर्वांत वरचढ कोंबड्याची होती, बाकीचे मानाच्या क्रमाने मागून आरवले. त्याला बाजूला काढताच दुसऱ्याने सुरुवात केली. तेव्हा शेजाऱ्यांची झोप जपायची तर परसात एकच कोंबडा ठेवा. खरे लक्ष द्यायला हवे ते दिवसाच्या इशाऱ्यांकडे. घार दिसली की एकच लांब, चिरका सूर निघतो आणि कोंबड्या दबून बसतात. मांजर किंवा मुंगूस आले तर मान ताठ करून कट-कट-कटाक सुरू होते. हा आवाज ऐकताच खुराड्याकडे धावा.