मूल, आईबाप आणि न्यायालय

दिल्लीच्या पूर्वेस यमुना ओलांडली की मयूर विहारची वस्ती लागते. तिच्या दक्षिणेस नोएडा म्हणजे उत्तर प्रदेश राज्य, आणि थोड्याच अंतरावर त्याच राज्यातील गाझियाबाद. भाजी आणायला किंवा नोकरीला जाताना ही राज्यसीमा कोणाच्या ध्यानातही येत नाही. परंतु घरातील मूल अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वसनयंत्रावर असेल आणि पुढे काय करावयाचे हा प्रश्न उभा राहिला, तर तीच सीमा एकाएकी महत्त्वाची ठरते. मूल दिल्लीच्या रुग्णालयात असेल तर दाद दिल्ली उच्च न्यायालयाकडे. तेच नोएडाच्या रुग्णालयात असेल तर अलाहाबाद उच्च न्यायालयाकडे, आणि त्याआधी गौतम बुद्ध नगर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याकडे.

या परिसरातील एका कुटुंबाने या प्रश्नाचा संपूर्ण प्रवास केला. हरीश राणा हा तरुण चंदीगड येथे शिकत असताना, ऑगस्ट २०१३ मध्ये, राहत्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावरून पडला. मेंदूस झालेल्या इजेतून तो शुद्धीवर आलाच नाही. श्वास स्वतःचा, पण अन्नपाणी नळीवाटे, अशा अवस्थेत आईवडिलांनी त्याची बारा वर्षांहून अधिक काळ शुश्रूषा केली. अखेर त्यांनीच न्यायालयाकडे विनंती केली की, आता हे थांबवू द्यावे.

आईबाप आपल्या अपत्याचे आयुष्य थांबवू मागतात, हे ऐकताना मन दचकते. बाहेरच्या जगात जे खटले गाजले त्यांतील बहुतेकांची दिशा नेमकी उलटी आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातील चार्ली गार्ड याचा जन्म ऑगस्ट २०१६ मधला. त्याला पेशींतील ऊर्जानिर्मितीच बंद पाडणारा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार होता. श्वसनयंत्र काढावे असे डॉक्टरांचे मत पडले. आईबापांना त्याला प्रायोगिक उपचारांसाठी अमेरिकेस न्यावयाचे होते, आणि लोकवर्गणीतून तेरा लाख पौंडांहून अधिक रक्कम जमलीही होती. रुग्णालय न्यायालयात गेले. एप्रिल २०१७ मध्ये निर्णय रुग्णालयाच्या बाजूने लागला, तो वरच्या न्यायालयांनी कायम ठेवला, आणि २८ जुलै २०१७ रोजी, पहिल्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, चार्ली वारला.

इंग्लंडच्या कायद्याची भूमिका अशी की, मूल ही आईबापांची मालमत्ता नव्हे. बालकाचे हित कशात आहे एवढेच न्यायाधीशाने पाहावयाचे. आईबापांच्या मताला वजन आहे, पण ते निर्णायक नाही. म्हणून प्रत्येक वेळी रुग्णालयच जिंकते असे मात्र नव्हे. पाच वर्षांच्या तफिदा रकीब हिच्या बाबतीत ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने आईबापांना तिला इटलीतील जेनोआ येथील रुग्णालयात नेण्याची मुभा दिली. मुलीला वेदना होत नाहीत, आणि ज्या धर्मश्रद्धेत ती वाढली तिच्यात अशा जीवनालाही मोल आहे, या गोष्टी तेथे विचारात घेतल्या गेल्या.

भारतात या जातीचे खटले जवळजवळ दिसत नाहीत. आपल्याकडचे डॉक्टर आणि पालक यांच्यात मतभेद होत नाहीत, असा त्याचा अर्थ काढणे भाबडेपणाचे होईल. कारणे दोन आहेत. पहिले कायद्यातले : येथील कार्यपद्धतीत जवळच्या नातेवाइकांच्या संमतीवाचून उपचार काढून घेता येत नाहीत. पालक ‘नाही’ म्हणाले की प्रक्रिया सुरूच होत नाही, आणि रुग्णालयालाही न्यायालयाची पायरी चढण्याची हौस नसते. दुसरे कारण बिलातले. खासगी अतिदक्षता विभागाचा रोजचा खर्च मध्यमवर्गीय घराची शिल्लक बघता बघता संपवतो. मग ‘डॉक्टरी सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेत आहोत’ अशा मजकुराखाली बाप सही करतो, नळ्या निघतात, आणि ज्याचा निर्णय इंग्लंडात न्यायाधीश देतो तो येथे पैसे भरण्याच्या खिडकीपाशी होतो. त्याला कोणी दयामरण म्हणत नाही. त्याची नोंद कोणत्याही निकालपत्रात होत नाही.

याउलट, उपचार रीतसर थांबवावेत असे म्हणणाऱ्यांसमोर दीर्घकाळ रस्ताच नव्हता. मराठी वाचकाला या संदर्भात अरुणा शानभाग यांचे नाव सांगावयास नको. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला, आणि त्यानंतर त्या त्याच रुग्णालयात एकेचाळीस वर्षे पडून होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबविण्याची परवानगी मागितली. रुग्णालयाच्या परिचारिकांनी विरोध केला. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. इतकी वर्षे ज्यांनी तिला अंथरुणास व्रण पडू न देता सांभाळले तेच तिच्या वतीने बोलू शकतात, असे न्यायालयाने मानले. मात्र त्याच निकालाने, उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनरक्षक उपचार काढून घेता येतील, हे तत्त्वही मान्य केले. ज्याला स्वतःचे मत सांगता येत नाही त्याचा अंतिम पालक राज्यसंस्था, आणि तिच्या वतीने न्यायालय, हा जुना सिद्धान्त त्यामागे होता. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सन्मानाने मरण्याचा हक्क हा जीवनाच्या हक्काचाच भाग ठरविला आणि निर्णय न्यायालयातून रुग्णालयात आणला. ती पद्धत फार किचकट निघाली, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सोपी केली गेली. आता उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले दोन तज्ज्ञ यांचे पहिले मंडळ मत देते. त्यानंतर, मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर ज्यात असतो असे दुसरे मंडळ ते तपासते. दोन्ही मंडळांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचे असते, आणि अंमलबजावणीपूर्वी दंडाधिकाऱ्यास कळवावे लागते. मंडळाने नकार दिला तर कुटुंबाला उच्च न्यायालयाकडे जाता येते. प्रौढ व्यक्तीला आपली इच्छा आधी लिहून ठेवता येते. अज्ञान बालकाला ती सोय नाही. त्याच्या बाबतीत पालकांचा शब्द आणि डॉक्टरांचे मत एवढेच हाती राहते.

हरीशच्या आईवडिलांची वाट याच ठिकाणी अडली. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की, तो कोणत्याही यंत्रावर नाही, बाह्य आधारावाचून जगतो आहे. तेव्हा काढून घेण्यासारखे काही नाहीच. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही अन्ननलिकेस जीवनरक्षक यंत्र मानले नाही आणि शासकीय खर्चाने शुश्रूषेची व्यवस्था करण्यावर प्रकरण मिटविले. हा मुद्दा शाब्दिक कीस वाटेल, पण त्याला इतिहास आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कॅरेन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचे श्वसनयंत्र काढावे असे तिच्या आईबापांनी सांगितले, डॉक्टरांनी नाकारले, आणि १९७६ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आईबापांच्या बाजूने कौल दिला. यंत्र निघाले, पण कॅरेनचा श्वास चालूच राहिला. अन्नाची नळी काढण्याची मागणी आईबापांनी केली नाही. ती १९८५ पर्यंत जगली. घास भरवणे आणि औषध देणे यांतील रेघ कोठे ओढावयाची, हे त्या आईबापांनी स्वतःपुरते ठरविले होते. भारतीय मनालाही ही रेघ परकी नाही. तोंडचा घास काढणे हे आपल्याकडे पापच समजले जाते.

परंतु नळीतून जाणारे अन्न कोणी मांडीवर घेऊन भरवलेला घास नसतो. त्याचे प्रमाण डॉक्टर ठरवितो, नळी वैद्यकीय हातांनी बसवावी लागते, ती बदलावी लागते, तिच्यातून जंतुसंसर्गही होतो. प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने दोन्ही वैद्यकीय मंडळे नेमविली. पहिले मयूर विहारच्या लगतच्या नोएडातील, दुसरे नदीपलीकडच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील. सुधारणेची आशा नाही, असेच दोघांचे मत पडले. न्यायमूर्ती पारडीवाला आणि विश्वनाथन यांनी जानेवारी २०२६ मध्ये आईवडिलांशी प्रत्यक्ष बोलणे केले. ११ मार्च २०२६ च्या निकालात, नळीवाटे दिले जाणारे अन्नपाणी हा वैद्यकीय उपचारच होय असे त्यांनी ठरविले, आणि तो काढून घेण्यास संमती दिली. हे काम घरी न करता त्याच संस्थेच्या वेदनाशामक विभागात, रुग्णास क्लेश न होतील अशा रीतीने करावे, असेही सांगितले. त्याच महिन्यात हरीश तेथे वारला.

हरीश अपघाताच्या वेळी सज्ञान होता. तो कसा होता, त्याला काय आवडे, हे आईवडील न्यायाधीशांना सांगू शकत होते. नवजात अर्भकाच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत असलेल्या मुलाविषयी असे काहीच सांगता येत नाही. त्याचे हित कशात, हे ठरविण्यासाठी भारतात अद्याप संसदेने केलेला स्वतंत्र कायदा नाही. मयूर विहारातील आईबापांना आजही तीच दोन मंडळे, तोच मुख्य वैद्यकीय अधिकारी आणि, रुग्णालय सीमेच्या ज्या बाजूला असेल त्याप्रमाणे, दोहोंपैकी एक उच्च न्यायालय गाठावे लागते.