गढूळ कुपीतील विषाणू

कर्करोगाच्या बालरुग्णांचे नातेवाईक आम्हाला एक प्रश्न वारंवार, बहुधा दाराआड आणि हलक्या आवाजात, विचारतात : हा रोग लागतो का? घरी ताटवाटी वेगळी ठेवावी काय? तपासणीच्या संदर्भात ‘विषाणू’ हा शब्द कानी पडला की हा प्रश्न अधिकच काकुळतीने येतो. त्याचे उत्तर एका वाक्यात देता येते. परंतु ते पटण्यासाठी एका संशोधनाची हकीकत सांगणे आम्हाला इष्ट वाटते.

युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट हे आयरिश शल्यचिकित्सक काम करीत. १९५७ साली त्यांनी जबडा दोन्ही बाजूंनी सुजलेला एक बालक पाहिला आणि पुढे तशीच अनेक मुले पाहिली. ही गाठ कर्करोगाची होती. १९६१ साली दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून सुमारे १६,००० किलोमीटर प्रवास करून त्यांनी या रोगाचा नकाशा सिद्ध केला. उष्ण व भरपूर पावसाच्या प्रदेशातच तो आढळत होता.

त्याच वर्षी २२ मार्च रोजी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन होते. कोंबड्यांमध्ये कर्करोग उत्पन्न करणाऱ्या विषाणूचा त्यांचा अभ्यास होता. हवामानाशी निगडित असलेल्या या रोगामागेही विषाणू असावा, असे त्यांच्या मनाने घेतले आणि कंपालाहून विमानाने गाठींचे नमुने येऊ लागले. सुमारे दोन वर्षे त्यांत काहीही सापडले नाही. एवढ्या अवधीत एखाद्या विश्वस्त मंडळाने अनुदान थांबवले असते, तर त्याला दोष देणे कठीण होते.

डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले. उशिरा हाती आलेल्या कुपीतील द्रव गढूळ झाला होता. नमुना नासला, असेच कोणीही म्हणाले असते. एप्स्टाइन यांनी तो फेकण्यापूर्वी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी द्रवात तरंगत होत्या. या पेशी प्रयोगशाळेत वाढू लागल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांत विषाणू दिसला, तेव्हा किरणांच्या उष्णतेने नमुना जळेल या भीतीने एप्स्टाइन यांनी यंत्र बंद केले आणि ते बर्फात एक फेरी मारून आले. बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांच्यासह लिहिलेला त्यांचा लेख मार्च १९६४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणूला पुढे ‘एप्स्टाइन-बार’ हे नाव मिळाले.

यापुढील भाग नातेवाइकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. जगातील दहापैकी नऊहून अधिक प्रौढांच्या शरीरात हा विषाणू आहे. आमच्या, आणि बहुधा वाचकांच्याही. तो लाळेतून पसरतो, प्रतिकारशक्तीच्या ‘बी’ पेशींत शिरतो आणि जन्मभर तेथेच दडून राहतो. बहुतेकांना त्याचा उपद्रव होत नाही. आफ्रिकेतील मुलांमध्ये वारंवार होणाऱ्या हिवतापाने याच पेशींवर ताण येतो आणि त्यात एखाद्या पेशीच्या गुणसूत्रांची अदलाबदल झाली की गाठ उद्भवते. दक्षिण चीनमध्ये, तसेच आपल्याकडे नागालँडमध्ये अधिक आढळणाऱ्या नाक-घशाच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध आहे. म्हणजे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, कर्करोग जात नाही. आजारी मुलाचे ताट वेगळे ठेवण्याचे कारण नाही. औषधांमुळे त्याची प्रतिकारशक्ती घटलेली असते, म्हणून हात धुवायचे ते आपण, आणि तेही त्याच्या रक्षणासाठी.

या विषाणूची कथा कर्करोगापाशी संपली नाही. ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ या रोगात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर उलटते. अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी तपासून हार्वर्डच्या संशोधकांनी २०२२ साली दाखवले, की रोग जडलेल्या व अभ्यासासाठी निवडलेल्या ८०१ जणांपैकी एक वगळता सर्वांना हा संसर्ग आधी झालेला होता. संसर्गानंतर रोगाचा धोका ३२ पटींनी वाढला होता. विषाणूचे एक प्रथिन मज्जासंस्थेतील एका प्रथिनासारखे दिसते व प्रतिपिंडे दोहोंत गफलत करतात, हेही त्याच वर्षी आढळले. हे शक्य झाले ते वर्षानुवर्षे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांमुळे. ‘शीतपेटीवर एवढा खर्च कशाला?’ असे आमचे काही देणगीदार आपुलकीने विचारतात, तेव्हा आम्हाला हेच नमुने आठवतात.

एप्स्टाइन २०२४ साली १०२ व्या वर्षी निवर्तले. या विषाणूवरील मान्यताप्राप्त लस अद्याप उपलब्ध नाही. चाचण्या चालू आहेत.