गवती चहा : सुगंध आणि सावधगिरी

बारामती व इंदापूर तालुक्यांत अनेक घरांच्या परसात गवती चहाचे बेट असते. त्यास लिंबासारखा गंध देणारे द्रव्य म्हणजे सिट्रल. गवती चहाच्या तेलात ते साधारणतः ७० ते ८० टक्के असते. लिंबाच्या सालीच्या तेलात अवघे काही टक्के. कारखान्यांत सिट्रलपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवितात. मात्र पातीचा चहा पिऊन ते मिळत नाही. चहाने घशास आराम वाटतो. तेल मात्र तीव्र असते. ते पिऊ नये, निव्वळ स्वरूपात त्वचेस लावू नये. तान्ह्या बाळास ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.