दिव्याची उष्णता

वार्षिक परीक्षा आणि उन्हाळा हीं दोन्ही आपल्याकडे बहुधा एकदमच येतात. सूर्य मावळला, खिडक्या उघडल्या, तरी अभ्यासाच्या खोलींतील उकाडा कमी होत नाहीं. याचें मुख्य कारण दिवसा तापलेलें छप्पर व भिंती हें खरें. परंतु त्यांत आपण स्वतःही थोडी भर घालीत असतों. ज्या दिव्याखालीं आपण वाचीत बसतों, तोच ती भर घालतो. त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

साध्या बल्बांत टंग्स्टन धातूची बारीक तार सुमारें २५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापते, तेव्हां ती प्रकाशते. विजेच्या प्रवाहानें तारेंत किती उष्णता उत्पन्न होते, याचा नियम ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं प्रसिद्ध केला. अशा दिव्यांत खर्चिलेल्या विजेच्या शंभर भागांपैकीं पांचाच्या आसपास भागच प्रकाशरूपानें मिळतात. बाकीच्यांची उष्णता होते. खरें पाहतां ही एक लहानशी शेगडीच होय, आणि तिच्यापासून थोडा उजेड मिळतो इतकेंच.

आतां हिशेब पाहूं. प्रकाशसुद्धां भिंतींवर पडून शेवटीं उष्णताच होतो. म्हणून ६० वॅटचे तीन बल्ब मिळून दर सेकंदास १८० ज्यूल उष्णता खोलींत सोडतात. स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या शरीरांतून साधारणतः १०० वॅट उष्णता बाहेर पडते. तेव्हां हे तीन दिवे लावणें म्हणजे उकाड्यांत आणखी दोन पाहुणे खोलींत आणून बसविण्यासारखें आहे! बारा फूट लांब, बारा फूट रुंद व दहा फूट उंच खोलींतील हवा एक अंशानें तापविण्यास सुमारें ४९,००० ज्यूल लागतात. भिंतींनीं व वाऱ्यानें कांहींच उष्णता नेली नाहीं असें धरिलें, तर हे दिवे तें काम साडेचार मिनिटांत करितील. प्रत्यक्षांत पुष्कळ उष्णता भिंती शोषून घेतात, परंतु त्यांचें ओझें तेवढ्यानें वाढतेंच.

एल. ई. डी. दिव्यांत तापणारी तार नसते. अर्धवाहक पदार्थाच्या लहानशा तुकड्यांतून वीज गेली म्हणजे तेथेंच प्रकाश उत्पन्न होतो. लाल व हिरवे असे दिवे पूर्वींच निघाले होते. चांगला निळा दिवा साधेना, म्हणून घरीं वापरण्याजोगा पांढरा प्रकाशही मिळेना. ती अडचण आकासाकी, आमानो व नाकामुरा यांनीं दूर केली, व त्याबद्दल त्यांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड असा ९ वॅटचा दिवा देतो. म्हणजे १८० वॅटांच्या ठिकाणीं २७ वॅट पुरतात. रोज पांच तास दिवे लागत असतील, तर महिन्यास सुमारें २३ युनिट वीज वांचते, व तितकीच उष्णता खोलींत कमी येते.

मात्र दिवा बदलला म्हणजे उन्हाळा पळाला, असें कोणीं समजूं नये. दुपारच्या स्वच्छ उन्हांत, किरणांसमोर धरलेल्या एक चौरस मीटर जागेवर जवळजवळ १००० वॅट शक्ति पडते. तिच्यापुढें दिव्यांची उष्णता थोडीच. म्हणून पश्चिमेकडील खिडकीस दुपारीं बाहेरून बांबूची चटई अथवा वाळ्याचा पडदा लावावा, आणि रात्रीं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्या. पंख्याविषयींही गैरसमज आहे. पंखा घाम वाळवून अंगास गारवा देतो, खोलीस नव्हे. रिकाम्या खोलींत फिरणारा पंखा हवा उलट किंचित तापवितो.

विद्यार्थ्यांस आम्ही एक प्रयोग सुचवितों. दोन्ही प्रकारच्या दिव्यांपासून वीतभर अंतरावर प्रयोगशाळेंतील उष्णतामापक दहा-दहा मिनिटें धरून आंकडे वहींत टिपावे. तापलेल्या बल्बास मात्र हात लावूं नये. पालकांस विनंति इतकीच कीं, नवा दिवा घेतांना वेष्टनावर वॅट किती हें पाहून न थांबतां ल्यूमेन किती हेंही पाहावें. उजेडाचें माप तें आहे. ईश्वरानें दिलेल्या शक्तीचे आपण मालक नसून कारभारी आहों. जी वीज आपण व्यर्थ जाळीत नाहीं, ती दुसऱ्या एखाद्या मुलाच्या पुस्तकावर उजेड पाडूं शकते.