कंट्रोलरचा आयपी बदलला आणि लॉगिन बंद? रिसेट दाबण्याआधी हे करा

व्हिडिओ बघून झाला असेल तर हा लेख शेजारी उघडा ठेवा आणि एकेक पायरी करत चला.

उदाहरण घेऊ टीपी-लिंकच्या ओमाडा ओसी२०० या छोट्या कंट्रोलरचं. तुमच्या लॉजचा किंवा हॉटेलचा राउटर आहे १९२.१६८.१.१. कंट्रोलरला हाताने १९२.१६८.१.५ द्यायचा होता, पण घाईत १ च्या जागी ११ पडलं. सेव्ह केलं आणि पान उघडेनासं झालं.

आधी एक गोष्ट: रिसेट नको.
कंट्रोलर दिसला नाही तरी ॲक्सेस पॉइंट आपलं काम चालू ठेवतात. साधं पासवर्डवालं वाय-फाय चालू राहतं, म्हणजे बिलिंगचा कॉम्प्युटर थांबत नाही. थांबतं ते पाहुण्यांचं व्हाउचर लॉगिन, कारण ते पोर्टल कंट्रोलर चालवतो. पण रिसेट केलंत तर वाय-फायची नावं, पासवर्ड, व्हाउचर, सगळं पुसलं जाईल. बॅकअप नसेल तर पहिल्यापासून सुरुवात.

दार बंद का झालं?
सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असेल तर पत्त्याचे पहिले तीन आकडे म्हणजे गल्ली आणि चौथा म्हणजे घर नंबर. तुमचा लॅपटॉप १९२.१६८.१ या गल्लीत, कंट्रोलर १९२.१६८.११ मध्ये. लॅपटॉप राउटरला विचारतो, आणि राउटरला ती गल्लीच माहीत नाही. कंट्रोलर बिघडलेला नाही. आपणच त्याच्या गल्लीत जायचं.

पायऱ्या

१. लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. कंट्रोलर ज्या स्विचला आहे त्याच स्विचला लॅपटॉप केबलने जोडा.

२. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडा. इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४. आधी काय भरलंय त्याचा मोबाइलने फोटो काढा.

३. आयपी द्या १९२.१६८.११.५०, मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे रिकामा ठेवा. चौथा आकडा कंट्रोलरचाच देऊ नका, नाहीतर दोघं एकाच पत्त्यावर भांडतील.

४. कमांड प्रॉम्प्टमध्ये १९२.१६८.११.५ ला पिंग करा. रिप्लाय आला की अर्धं काम झालं.

५. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून तोच पत्ता टाका. सुरक्षेची सूचना येईल. तुमच्याच केबलवरचं तुमचंच उपकरण आहे, ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जा.

६. आत जाऊन आयपी १९२.१६८.१.५ आणि गेटवे १९२.१६८.१.१ करा. प्रत्येक आकडा मोठ्याने वाचा, मगच सेव्ह. सेव्ह करताच पान तुटेल. तुटायलाच हवं, कारण कंट्रोलर आपल्या गल्लीत परत गेला.

७. लॅपटॉपची सेटिंग फोटो बघून पूर्ववत करा आणि नवा पत्ता उघडा. ॲक्सेस पॉइंट परत कनेक्टेड दिसायला काही मिनिटं लागू शकतात.

पत्ता हाताने दिलाच नव्हता तर?
मग राउटरच्या क्लायंट यादीत बघा, तिथे कंट्रोलरचा आजचा पत्ता मिळेल. राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, तर ओसी२०० स्वतःहून १९२.१६८.०.२५३ घेतो. तेव्हा लॅपटॉपला १९२.१६८.०.५० द्या, बाकी पायऱ्या त्याच.

पुन्हा ही वेळ नको असेल तर
कंट्रोलरला हाताने आयपी देण्यापेक्षा तो ऑटोवर ठेवा आणि राउटरमध्ये त्याच्या मॅक ॲड्रेससाठी पत्ता राखून ठेवा. पत्ता कायम तोच राहतो, आणि आकडा चुकला तरी दुरुस्ती राउटरमधून होते, कंट्रोलरचं दार बंद होत नाही.

आजचा गृहपाठ: संध्याकाळी गल्ला मोजायच्या आधी कंट्रोलरचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि त्याचा आयपी कागदावर लिहून डब्यावर चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे. ऐन सीझनमध्ये काउंटरवर पाहुणे वाय-फायसाठी उभे असतील, तेव्हा ही दहा मिनिटं कामाला येतील.

अडलं तर कितव्या पायरीवर अडलं ते नेमकं लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!