योग्य विशेषण

नामाबद्दल विशेष माहिती सांगणाऱ्या शब्दाला विशेषण म्हणतात. उर्दूत तुम्ही त्याला सिफत म्हणता. विशेषण निवडताना तीन गोष्टी पाहा.

१. लिंग : उर्दूत 'किताब' स्त्रीलिंगी आहे, म्हणून तुम्ही 'अच्छी किताब' म्हणता. मराठीत 'पुस्तक' नपुंसकलिंगी आहे, म्हणून 'चांगले पुस्तक' असे लिहा. 'थंड', 'उंच', 'लाल' ही विशेषणे मात्र बदलत नाहीत. 'ठंडा पानी'चे 'थंड पाणी' होते, 'थंडा पाणी' नव्हे.

२. अर्थ : इंग्रजीत दार असो की माणूस, 'ओल्ड' हे एकच विशेषण चालते. मराठीत दार जुने असते आणि माणूस म्हातारा असतो. उर्दूत 'लंबा आदमी' म्हणतात. मराठीत रस्ता लांब असतो आणि माणूस उंच.

३. खरेपणा : आपल्या शहरातील बीबी का मकबरा तुम्ही पाहिला असेल. 'ही संगमरवरी इमारत आहे' असे पुष्कळ मुले निबंधात लिहितात. एकदा जवळ जाऊन नीट पाहा. भिंतींचा खालचा भाग आणि वरचा घुमट संगमरवराचा आहे. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावर गिलावा केलेला आहे. म्हणजे 'संगमरवरी' हे विशेषण अर्धेच खरे आहे. कोणी या मकबऱ्याला 'नकली ताजमहाल' म्हणतात. तो ताजमहालासारखा दिसतो, हे खरे. पण 'नकली' म्हणजे खोटा. येथे तर औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची खरी कबर आहे. मग तो नकली कसा?

चुकीच्या विशेषणाने इमारतीवर अन्याय होतो, तसाच माणसावरही होतो. मराठी बोलताना अडखळणाऱ्या मुलाला 'ढ' म्हणू नका. तो नवशिका आहे. आधी नीट पाहा, मग विशेषण लावा.

शब्दार्थ
घुमट – गुंबद
गिलावा – पलस्तर
अन्याय – नाइन्साफी
ढ – कुंदजेहन
नवशिका – नौआमोज

स्वाध्याय
(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'संगमरवरी' हे विशेषण अर्धेच खरे का?
२. मकबऱ्याला 'नकली' म्हणणे चूक का आहे?

(आ) कंसातील योग्य विशेषण निवडा.
१. मकबऱ्याचे मनोरे ____ आहेत. (लांब, उंच)
२. वेरूळचे कैलास लेणे हे खडकात ____ मंदिर आहे. (बांधलेले, कोरलेले)
३. माझे आजोबा ____ आहेत. (जुने, म्हातारे)

(इ) तुमच्या मित्राबद्दल तीन खरी विशेषणे लिहा.